जलविद्युत प्रकल्प: सरकारी पैसा, खासगी कर्ज आणि बोगद्यातला खडक

मोठा जलविद्युत प्रकल्प सरकारी कर्जातून बांधायचा की खासगी कंपनीकडे सोपवायचा, यावर चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न व्याजदराचा निघतो. माझ्या मते आधी विचारायचं ते हे: बोगद्यात खडक खराब लागला तर भुर्दंड कोणाला?

सरकारी कर्ज स्वस्त, मुदतही लांब. धरणाला ते मानवतं, कारण खर्च सगळा आधी आणि कमाई कितीतरी वर्षांनी. ब्राझील-पराग्वे सीमेवरच्या इतैपू धरणाचा पहिला वीजनिर्मिती संच १९८४ मध्ये सुरू झाला; कर्ज पूर्ण फिटलं ते २०२३ मध्ये. खोट एकच: उशिराची झळ ठरवणाऱ्यांच्या खिशाला बसत नाही.

खासगी मार्गात परतफेड प्रकल्पाच्या कमाईतून. त्यामुळे वीजखरेदी करार हातात पडल्याशिवाय बँका पैसा सोडत नाहीत. लाओसच्या नाम थून २ या जलविद्युत प्रकल्पाला हे जमलं, कारण बहुतेक वीज घ्यायला थायलंड तयार होतं आणि पाठीशी जागतिक बँक व आशियाई विकास बँकेच्या हम्या होत्या. असा गिऱ्हाईक नसेल तर या वाटेला जाऊच नका.

नेपाळनं ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशी कर्मचारी संचय कोषासारख्या देशी संस्थांच्या पैशावर उभा केला. वीज रुपयात विकून कर्ज डॉलरमध्ये फेडायची कात्री टळली. पण २०१५ चा भूकंप झाला, काम लांबलं आणि बांधकाम काळातलं व्याज फुगत गेलं. वीज सुरू झाली २०२१ मध्ये.

आता कंत्राट. बँकांना एकरकमी ईपीसी करार (आराखडा, खरेदी आणि बांधकाम सगळं एकाच कंत्राटदाराकडे) आवडतो, आकडा ठरलेला असतो म्हणून. कंत्राटदार मात्र जोखमीचे पैसे निविदेतच चढवतो. शिवाय आत भुसभुशीत पट्टा लागला, पाण्याचा लोंढा फुटला, खोदाई अडली, की दाव्यांची फाईल उघडतोच. प्रत्यक्ष मोजमापावर पैसे दिले तर हे भांडण कमी होतं, पण अंतिम खर्च आधी कळत नाही. मी धरण आणि बोगदे मोजमापावर, टर्बाइन-जनित्रं एकरकमी देईन. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१९ च्या भूमिगत कामांच्या करारनमुन्यात तर कोणता खडक गृहीत धरलाय ते आधीच लिहून ठेवतात. त्यापलीकडचं निघालं तर मालकाच्या माथी.

बँक एकरकमीवरच अडून बसली, तर निविदेआधी भूमिगत विद्युतगृहाच्या जागेपर्यंत चाचणी बोगदा खोदून घ्या. त्यासाठी कर्ज सहसा मिळत नाही, भागभांडवलातूनच पैसे घालावे लागतात.