समृद्धीवर आठ महिने, 22,000 किमी : लांबच्या प्रवासाला सेडान कशी ठरली

गाडी आहे 1.5 लिटर टर्बो पेट्रोल सेडान. सात गिअरची डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), 205/55 आर16 टायर, 45 लिटरची टाकी. स्लाव्हिया, व्हर्टस, व्हर्ना ज्या वर्गात मोडतात तो हा वर्ग. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खालच्या बहुतेक गोष्टी या वर्गातल्या कुठल्याही गाडीला लागू पडतात. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्ये सीट आणि टायर वेगळे असले तरी प्रवासाचा अनुभव पार बदलतो.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला आणि 5 जून 2025 ला भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा पूर्ण 701 किलोमीटरचा रस्ता खुला झाला. त्याआधी आपल्याकडे गाडी घेताना मायलेज, ग्राउंड क्लिअरन्स आणि गावाकडच्या रस्त्यावर टिकेल का, एवढंच विचारलं जायचं. आता नागपूरच्या टोकाला शिवमडक्याला चढलं की सहा-सात तास एकाच वेगात, एकाच बैठकीत, सिमेंटच्या रस्त्यावर जायचं असतं. त्यासाठी लागणारी गाडी वेगळी असते आणि ती शोरूमच्या दहा मिनिटांच्या चकरेत ओळखू येत नाही.

सगळ्यात आधी सिमेंटच्या रस्त्याबद्दल, कारण थकव्याचं मूळ तिथे आहे. काँक्रीटच्या रस्त्यात साधारण दर साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. ताशी 100 च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते, म्हणजे सेकंदाला सहा सांधे. 120 ला ते सातच्या वर जातात. माणसाचं शरीर बसलेल्या स्थितीत उभ्या दिशेची जी थरथर सगळ्यात जास्त पकडतं ती साधारण 4 ते 8 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 4 ते 8 वेळा होणारी, आणि हे सांधे नेमके त्याच पट्ट्यात बसतात. म्हणून रस्ता डोळ्यांना गुळगुळीत दिसतो, तरी जालन्यापर्यंत कंबर आणि मान भरून येते. हा ठोका टायरची भिंत, सस्पेन्शन आणि सीटचा फोम या तीन ठिकाणी जिरतो. तिघांपैकी एक जरी कडक असला तरी तो अंगापर्यंत पोचतो.

त्यामुळे मोठ्या अलॉय चाकांच्या मोहात पडू नका. 205/55 आर16 मध्ये टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या, म्हणजे 205 मिलिमीटरच्या, 55 टक्के, साधारण 113 मिलिमीटर असते. तेच 205/50 आर17 केलं की ती 102 वर येते. सेंटिमीटरभर रबर कमी होतं, पण सांध्यांवरचा फरक पहिल्या तासातच कळतो. वरच्या व्हेरियंटमध्ये मोठी चाकं येत असतील आणि बाकी सोयी खालच्या व्हेरियंटमध्ये मिळत असतील, तर लांबच्या प्रवासाला खालचा घेतलेला बरा.

सस्पेन्शन मऊ असणं आणि आरामदायी असणं यात गल्लत होते. शहरात स्पीडब्रेकरवर मऊ वाटणारी गाडी 110 ला पुलाच्या चढ-उतारावर दोन-तीनदा हेलकावते आणि मागे बसलेल्याला मळमळतं. पुलाच्या जोडावरून गाडी गेली की ती एकदा दबावी, एकदा उठावी आणि तिथेच शांत व्हावी. दुसरा, तिसरा झोका आला तर ती गाडी लांबच्या कामाची नाही. या गाडीचं सस्पेन्शन कडकपणाकडे झुकतं. नागपुरात सीताबर्डी, महालात खड्डे जाणवतात, पण समृद्धीवर ती रस्त्याला चिकटून चालते. टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नका. चार माणसं बसवून, वर्धा रोडने शिवमडक्यापर्यंत जाऊन, थोडं समृद्धीवर चालवून मगच ठरवा. शोरूमवाले आधी नाही म्हणतात, पण टोल आपण भरायची तयारी दाखवली की बहुतेक तयार होतात.

आता सीट. मांडीखाली आधार हवा. सीटची पुढची कड गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटांवर यावी. कड आखूड असेल तर मांडी लोंबकळते, सगळा भार बैठकीवर येतो आणि दोन तासांनी पाय मुंग्यांनी भरतो. उंच माणसाने हे बसूनच पाहावं, ब्रोशरमध्ये ते लिहिलेलं नसतं. स्टिअरिंग वर-खाली होतंच, पण ते पुढे-मागेही झालं पाहिजे. तसं नसेल तर लांब पायांच्या माणसाला सीट मागे घ्यावी लागते आणि मग हात ताणले जातात. लावण्याची रीत अशी: कंबर पूर्ण मागे टेकवा, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील असं सीटचं अंतर घ्या, पाठ न उचलता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, छाती आणि स्टिअरिंगमध्ये किमान 25 सेंटिमीटर राहू द्या आणि हेडरेस्टचं वरचं टोक डोक्याच्या उंचीला आणा. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा. त्याने कंबर एका बाजूला तिरकी बसते आणि कंबरदुखीचा दोष उगाच गाडीला लागतो. कमरेच्या आधाराची सोय नसेल तर पातळ टॉवेलची घडी पट्ट्याच्या उंचीला ठेवली तरी पुरते. बाजारातल्या जाड उश्या पाठीला पुढे ढकलतात, त्या नकोत.

हवेशीर (आतून हवा खेळवणाऱ्या) सीटला बरेच लोक चैन समजतात. पारा 45 च्या आसपास जाणाऱ्या आपल्या मे महिन्यात, आर्टिफिशियल लेदरवर पाच तास बसायचं असेल तर ती गरज आहे. सनरूफबद्दल मात्र उलटं मत आहे. नागपूर साधारण 21 अंश अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या अखेरीस दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. मोठी काच तापते आणि पडदा लावला तरी तो उष्मा डोक्यावर जाणवत राहतो. त्या पैशात मागच्या सीटचे एसी व्हेंट आणि चांगले टायर घ्या.

उन्हाचं आणखी एक. मुंबईकडे जाताना तोंड पश्चिमेला असतं. पहाटे पाचला निघालात तर सूर्य पाठीशी राहतो. दुपारी निघालात तर चारनंतर तो थेट डोळ्यांत येतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे जाताना डाव्या बाजूची माणसं भाजतात आणि येताना चालवणारा. म्हातारी माणसं, लहान मुलं जाताना उजवीकडे बसवा. पुढची काच आतूनही पुसत जा. डॅशबोर्डचं प्लास्टिक तापून आतल्या बाजूला तेलकट धूसर थर बसतो, एरवी तो दिसत नाही, पण समोरून सूर्य किंवा हेडलाइट आला की अख्खी काच पांढरी होते. बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आत आला पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे गडद फिल्मच्या भानगडीत पडू नये.

एसी सतत आतली हवा फिरवण्यावर ठेवला तर गारवा लवकर होतो, पण चार माणसांच्या श्वासाने बंद गाडीतला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, डोकं जड होतं, डुलकी येते. सरळ रस्त्यामुळे झोप येते असं आपण म्हणतो, त्यात या कोंडलेल्या हवेचाही वाटा असतो. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं बाहेरची हवा घ्या. एसीची हवा गाळणारा केबिन फिल्टर कंपनी सांगते त्याच्या आधीच काढून बघा. आपल्याकडच्या धुळीत तो 10,000 किलोमीटरला काळा झालेला असतो आणि झोत कमी झाला की लोक एसीचा गॅस भरायला धावतात.

इंजिनचं फार काही सांगण्यासारखं नाही, ते उत्तम आहे. शंभरला सातव्या गिअरमध्ये ते दोन हजारांच्या आसपास फिरतं, आवाज येत नाही आणि ट्रक ओलांडायला पाय थोडा दाबला तरी पुरतं. डीसीटी हायवेवर सुरेख आहे, शहराच्या गर्दीत तिला जपावं लागतं. ड्राय (तेलात न बुडालेल्या) क्लचची असेल तर मुंगीच्या चालीने सरकताना क्लच अर्धवट लागलेला राहतो आणि तापतो. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदम जा आणि थांबताना ब्रेक पूर्ण दाबून ठेवा. ब्रेक दाबलेला असला की क्लच सुटतो.

मायलेजचा हिशेब वेगावर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 100 वरून 120 ला तो 1.44 पट होतो. शंभरला ही गाडी लिटरला 18 देते, 120 ला 14 च्या आसपास. 45 लिटरच्या टाकीत शंभरने आमणे गाठता येतं, 120 ने नाही गाठता येत. वेळेचं बघाल तर 701 किलोमीटरला शंभरने सात तास, 120 ने पाच तास पन्नास मिनिटं. कारला 120 ची परवानगी आहे, पण 105 ते 110 ला आवाज, पेट्रोल आणि थकवा तिन्ही हातात राहतात आणि पेट्रोलचा एक थांबा वाचला की गेलेला वेळ भरून निघतो. टाकी नागपुरातच भरून निघा.

टायरवर थोडं सविस्तर, कारण समृद्धीवर टायर फुटण्याची भीती प्रत्येकाच्या डोक्यात असते. टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेमुळे. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकण्याने तापते आणि आतले थर सुटतात. लोक मात्र उन्हाळ्यात हवा मुद्दाम कमी भरतात, हे पूर्ण चूक आहे. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे दोन वेगळे आकडे असतात. पाच माणसं आणि डिकी भरली असेल तर दुसरा आकडा घ्या. तपासणी थंड टायरवर, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना करा. दर दहा अंशांना दाब सुमारे दीड पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढतो, म्हणून चालून आलेल्या टायरचा वाढलेला आकडा बघून हवा सोडू नका. नायट्रोजन भरला तरी चालतो, तो कोरडा असतो एवढाच फायदा. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच आहे. नियमित तपासणीची जागा तो घेत नाही.

टायरच्या भिंतीवर 91 व्ही असं काही लिहिलेलं असतं. 91 म्हणजे एका टायरवर 615 किलो आणि व्ही म्हणजे 240 पर्यंतचा वेग. टी 190 चा, एच 210 चा. बदलताना मूळ टायरपेक्षा खालचं अक्षर घेऊ नका. चार आकड्यांचा शिक्का बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतो, 1425 म्हणजे 2025 चा चौदावा आठवडा. कायद्याने खाचा 1.6 मिलिमीटरपर्यंत चालतात, पण पावसात पाणी बाहेर टाकायला तेवढ्या पुरत नाहीत. समृद्धीवर जाणार असाल तर 3 मिलिमीटरला टायर बदला. शहरातल्या खड्ड्यात बसून भिंतीवर फुगा आला असेल तर तो टायर हायवेवर नेऊच नका, तो दुरुस्त होत नाही.

दहा हजारांपर्यंत टायरचा आवाज वाढत गेला, घोंगावल्यासारखा. खाचांच्या ठोकळ्यांची एक कड जास्त झिजली की असं होतं. पुढचे मागे केले आणि अलाइनमेंट केलं की बराच कमी होतो. 80 ते 110 च्या मध्ये स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग बघा, सीट थरथरली तर मागच्या.

क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, साधा आहे. मधल्या लेनमधल्या ट्रकमुळे तो सारखा सुटतो, तरी उजव्या पायाला विश्रांती मिळते. पुढच्या गाडीपासूनचं अंतर राखणारा रडारवाला क्रूझ मिळत असेल तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही, पण उभ्या वाहनावर त्याचा भरवसा धरू नये. मोठ्या वेगात समोर थांबलेला ट्रक अशा अनेक यंत्रणा वेळेत ओळखत नाहीत. 120 ला सेकंदाला 33 मीटर जातात, दीड सेकंद उशीर झाला की 50 मीटर गेले. रात्री डिकी भरली असेल तर हेडलाइटची उंची खाली करायचं चाक फिरवा. मागचा भाग दबून झोत वर गेलेला असतो. समोरच्याला त्रास होतोच, शिवाय आपल्याच रस्त्यावर उजेड कमी पडतो.

मागची सीट ही या गाडीची खरी उणीव आहे. बैठक खाली आहे, गुडघे वर येतात आणि मधल्या माणसाच्या पायात गाडीच्या तळाचा उंचवटा येतो. गुडघेदुखी असलेल्या आईवडिलांना बसताना खाली पडल्यासारखं होतं आणि उतरताना हात द्यावा लागतो. घरात अशी माणसं नेहमी प्रवासाला असतील तर सेडान घेऊ नका. इनोव्हा हायक्रॉससारख्या गाडीत सीटची उंची कमरेला येते, नुसतं सरकून बसता येतं आणि 2,850 मिलिमीटरच्या व्हीलबेसमुळे पायाला जागा मिळते. दोघे-तिघेच जाणार असाल तर सेडानचा जमिनीलगतचा भार आणि वाऱ्याचा कमी आवाज जास्त कामाचा.

किरकोळ गोष्टींत, मागच्या काचेखालचा ट्रे सांध्यांवर कटकट वाजायचा, कडांना फेल्ट टेप लावल्यावर बंद झाला. ऑक्टोबरात संध्याकाळी किड्यांनी काच माखते, वॉशरची टाकी भरलेली ठेवा आणि कोरडा वायपर फिरवू नका. ट्रकच्या चाकातून उडालेल्या खड्याने काचेवर टिकलीएवढा डाग पडला तर त्याच आठवड्यात रेझिन भरून घ्या. बाहेर 45 अंश आणि आत एसी, या ताणात तो डाग एका दुपारीत काचभर चिरत जातो.