दादाच्या खाण्याची काळजी: बोलत राहावं, डबा बदलावा, की आधी तपासणी करावी?

रात्री पावणेअकराला दादा घरी आला, बॅग सोफ्यावर ठेवली आणि आंघोळीला गेला. डबा घासायला टाकावा म्हणून मी बॅग उघडली, तर डबा जड. वरच्या खणात तीन पोळ्या, घडीसुद्धा न मोडलेल्या, वाफेने कडा ओल्या झालेल्या. खालच्या खणात दुधीची भाजी, आंबूस वास सुटलेली. आणि बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात वडापावचा कागद, तेलाने आरपार दिसणारा, लसणाच्या चटणीचे लाल कण चिकटलेला, चुरगळून अगदी तळाशी कोंबलेला. ४३ वर्षांच्या माणसाला खाल्लेल्या वड्याचा कागद घरच्यांपासून लपवावा लागतो, हे पाहून मला वडापावापेक्षा त्या कोंबलेल्या कागदाचं जास्त वाईट वाटलं. ती लपवाछपवी आमच्या बोलण्यातून आली होती.

बाबांना पन्नाशीच्या आत मधुमेह झाला. दादा कामाला वांद्रे-कुर्ला संकुलात, घर मुलुंडला, पोट सुटलेलं, चालणं म्हणजे स्टेशनचा जिना. त्यामुळे काळजी खोटी नव्हती. पण कर्त्या माणसाच्या खाण्याची काळजी करायची तर कशी, यावर आमच्या घरात दोन वर्षं गेली. आई, वहिनी आणि मी, तिघींनी तीन वाटा धरल्या आणि बऱ्याचदा एकमेकींच्या आड आलो. तुमच्याही घरात असा भाऊ, नवरा, मुलगा किंवा मोठी झालेली लेक असेल, तर आमच्या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून या वाटा शेजारी शेजारी ठेवते.

पहिली वाट सगळ्यांना येते ती, बोलत राहण्याची. खर्च शून्य, सुरुवात लगेच. आईने हीच धरली. जेवताना "परत भात?", फरसाणाच्या डब्याचा आवाज झाला की आतून "बाबांचं काय झालं ते आठव." यात नुकसान दोन ठिकाणी होतं. ज्याला बोलतो तो चोरून खायला लागतो आणि मग तो नक्की काय खातो हे आपल्याला कळतच नाही. दुसरं नुकसान वहिनीचं. दादाचं पोट दिसलं की नातेवाईक तिच्याकडे बघायचे, आणि आईसुद्धा "तू त्याला देतेसच का?" म्हणायची. दिवसभर स्वतः नोकरी करून, सकाळी साडेपाचला उठून डबा करणाऱ्या बाईने हे ऐकायचं. नवऱ्याच्या ताटाचा जाब बायकोला विचारायची ही सवय आपल्या घराघरांत आहे आणि ती आधी थांबवायला हवी, असं मला मनापासून वाटतं. ती थांबली तेव्हाच वहिनी आमच्याशी या विषयावर मोकळेपणाने बोलू लागली.

मात्र बोलणं म्हणजे सगळंच वाया, असं नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खाणं आणि चालणं यांची आठवण करून देणारे छोटे संदेश मोबाइलवर नियमित पाठवले. दोन वर्षांत संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, इतरांपैकी २७ टक्क्यांना. म्हणजे आठवण करून देणं चालतं. पण ते लहान, ठरवून दिलेलं आणि ताटावर बसलेल्या माणसाला न हिणवणारं असावं लागतं. घरातलं बोलणं नेमकं जेवतानाच होतं, सगळ्यांसमोर होतं आणि त्यात बाबांचं आजारपण ओढलं जातं. बोलायचंच असेल तर एकदा, दोघांनीच, जेवणाची वेळ सोडून. मी दादाशी मुलुंडच्या फलाटावर बोलले होते तसं: "दादा, मला भीती वाटते. तुला काय अडतं ते सांग." त्यावर त्याने जे सांगितलं ते आम्हाला दोन वर्षांत ठाऊक नव्हतं. त्याच्या जेवणाच्या वेळेवर मीटिंग लागते, डबा राहतो, आणि सहा-सात वाजता हात थरथरायला लागतात. मग खाली गाडीवर जे गरम मिळेल ते.

दुसरी वाट स्वयंपाकघराची. माणूस दोन्ही वेळा घरी जेवत असेल तर याहून चांगली वाट नाही, कारण त्याला काही सोडायला सांगावं लागत नाही. किराणाच्या यादीवरूनच हिशोब कळतो. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज साधारण ३० ग्रॅम तेल, म्हणजे निव्वळ तेलातून २७० कॅलरी पोटात जातात, बाहेरचं वेगळं. मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा. चार माणसांना महिन्याला ६०० ग्रॅम झालं. किलोची पिशवी महिनाभरात संपत असेल आणि शिवाय लोणचं, पापड, फरसाण असेल, तर सवय एकट्या दादाची नाही, घराचीच आहे. आमचं तसंच निघालं. म्हणून त्याचं वेगळं ताट आम्ही बंद केलं. एकाला बिनतेलाची भाजी आणि बाकीच्यांना बटाट्याची भजी, हे आजारी माणसाला वाळीत टाकल्यासारखं दिसतं आणि टिकतही नाही. मटकी, चवळी, पालेभाजी, ताक हे सगळ्यांच्याच ताटात वाढलं. भात राहिला, फक्त पातेलं लहान झालं. पण दादासारखा माणूस आठवड्याचे पाच दिवस घरी एकदाच जेवतो, तेही अकराला. त्याच्यासाठी ही वाट अर्धीच.

उरलेली अर्धी डब्याची, आणि मुंबईत खरा गुंता इथेच आहे. सकाळी सातला बॅगेत भरलेला डबा दुपारी दोनला उघडला तर मे महिन्यात तो कसा असणार? डबेवाल्यांची व्यवस्था १८९० पासून या शहरात चालू आहे ती याचसाठी. लोक पहिल्या गाडीने कामाला जातात, जेवण नंतर शिजतं आणि दुपारी पोचतं. घरी सकाळी नऊ-दहापर्यंत कोणी असेल तर तो डबा आजही उत्तम. वहिनी स्वतः आठला निघते, आई आता गॅससमोर उभी राहू शकत नाही, म्हणून आम्हाला ते जमलं नाही. एकटं राहणाऱ्या माणसाला पोळीभाजी केंद्राचा आधार असतो. तिथली पोळी-भाजी-आमटी हॉटेलपेक्षा केव्हाही बरी, पण तर्री आणि मीठ आपल्या हातात नसतं. माझा मावसभाऊ अंधेरीत राहतो, तो केंद्रातून फक्त पोळी आणि सुकी भाजी घेतो, घरी दही लावतो, काकडी-टोमॅटो चिरतो. दहा मिनिटांचं काम आहे आणि ते त्याने चार वर्षं टिकवलं आहे.

आम्ही दुपारच्या डब्याच्या मागे लागलो होतो, आणि दुखणं संध्याकाळी सहाचं होतं. हे कळल्यावर वहिनीने दुसरी एक छोटी डबी सुरू केली. त्यात मूठभर भाजलेले चणे आणि शेंगदाणे, कधी दोन उकडलेली अंडी, एक पेरू किंवा केळं. चणे ऑफिसच्या खणात बरणीतच ठेवले. ते नासत नाहीत, मीटिंगमध्येही तोंडात टाकता येतात. मोठ्या डब्यातली रसभाजी गेली, तिच्या जागी थंड खाता येईल असं आलं: मेथीचे ठेपले, मटकीची उसळ, मुगाचं धिरडं. कुर्ला स्टेशनबाहेरची गाडी तशीच आहे, पण तिथे पोचेपर्यंत दादाला आता तेवढी भूक नसते. इतक्या खटाटोपांत मला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची ही डबीच वाटली.

तिसरी वाट तपासणीची, जी मी धरली. काही लोकांना नात्यातल्या माणसाचं ऐकू येत नाही, कागदावरचा आकडा ऐकू येतो. दादा त्यातला. आपल्याकडच्या पुरुषांत कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांत ८० च्या वर गेला की धोका मानतात. घरच्या शिंप्याच्या टेपनेही हे कळतं. मग रक्त. एचबीएवनसी ही तपासणी साधारण गेल्या तीन महिन्यांतली साखर दाखवते. ५.७ टक्क्यांखाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ आणि वर मधुमेह. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ असेल तर तोही उंबरठाच. रक्त कमी असेल, म्हणजे ॲनिमिया असेल, तर एचबीएवनसी फसवू शकते, म्हणून अहवाल आपण वाचून निकाल लावू नये, फॅमिली डॉक्टरांना दाखवावा. सोबत कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब बघून घ्यावा. मोठं पॅकेज घ्यायची गरज नसते, या तीन-चार गोष्टी काही शे रुपयांपासून होतात.

दादाची एचबीएवनसी ६.१ आली. डॉक्टरांनी त्याला ओरडलं नाही. "इथून मागे फिरता येतं," एवढंच म्हणाले. ते खरं आहे. डॉ. रामचंद्रन यांच्याच २००६ च्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या भारतीयांत आहार आणि चालण्याच्या बदलाने मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं होतं. त्या संध्याकाळी दादाने पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, की चण्यांनी साखर वाढते का. या वाटेचा एक तोटाही सांगते. अहवाल चांगला आला तर माणूस "बघ, मला काही नाही" म्हणून मोकळा होतो. पस्तिशीच्या आतल्या मुलांच्या बाबतीत हे फार होतं. तिथे आधी डबी, मग तपासणी.

आहारतज्ज्ञाकडे जायचं का? तपासणीत काही निघालं असेल आणि माणूस स्वतः तयार असेल तर जरूर. आम्ही आधी चुकीच्या दारात गेलो. घराजवळच्या एका वजन घटवणाऱ्या केंद्राने दादाला जेवणाऐवजी पावडरीचे डबे दिले, तीन महिन्यांचे पैसे आधी घेतले. सहा किलो उतरले, आठ चढले. म्हणून हे बघा: त्या व्यक्तीने आहारशास्त्राचं शिक्षण घेतलेलं असावं, ती स्वतः काही विकत नसावी, आणि तुमची गाडी कितीची, डबा कोण करतं, हे तिने विचारायला हवं. खासगीत काही हजार जातात. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांतही आहाराचा सल्ला मिळतो. रांग असते, सकाळ मोडते, पण तिथे कोणी पावडर गळ्यात मारत नाही.

राहिलं गप्प बसणं. कधीकधी तेही बरोबर असतं. तपासण्या ठीक आहेत, माणूस चालतो-फिरतो आणि रविवारी मिसळ खातो, तर ती त्याची मिसळ आहे. पण एका ठिकाणी गप्प बसू नका. कोणी वारंवार, पोट दुखेपर्यंत, भराभर आणि एकट्याने खात असेल, नंतर स्वतःची घृणा वाटून रडत असेल, उपाशी राहून किंवा उलटी काढून भरपाई करत असेल, तर ती वाईट सवय नव्हे, तो आजार असू शकतो. तिथे डबा आणि बोलणं दोन्ही निरुपयोगी, मानसोपचारतज्ज्ञच लागतो. सुरुवातीला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

मला आज कोणी विचारलं तर मी हा क्रम सांगेन. आधी तुमचा माणूस कुठे आणि किती वाजता खातो ते शांतपणे बघा, आठवडाभर, एक शब्द न बोलता. घरी खात असेल तर किराणाची यादी बदला. बाहेर खात असेल तर भुकेच्या वेळेआधी काहीतरी त्याच्या हाताशी पोचवा. चाळिशी ओलांडली असेल किंवा आईवडिलांना मधुमेह असेल तर तपासणी लगेच. आणि घरात त्याच्या खाण्यावर एकाच माणसाने बोलावं, बाकीच्यांनी नाही. आमच्याकडे ते काम वहिनीने मागून घेतलं.

आईला हे अजून जड जातं. परवा दादाने शनिवारी सगळ्यांसाठी वडापाव आणले, कागदात बांधून, उघड्यावर, टेबलावर ठेवले. आई काही बोलली नाही, उठून आत गेली. थोड्या वेळाने काकडी चिरून घेऊन आली आणि त्याच्या ताटलीत वाढली. रात्री अकराचं जेवण मात्र आम्हाला अजून मागे आणता आलेलं नाही. एचबीएवनसी तीन महिन्यांनी पुन्हा करायची आहे.