चार फुटी फिश टँक करून घेताय? काच कापण्याआधी ठरवा: खाली संप की कॅनिस्टर

फिश टँक मापाने करून घेताना बहुतेक जण आधी मासे ठरवतात, मग काच आणि शेवटी फिल्टर. क्रम नेमका उलटा हवा. काचेला भोकं पाडायची की नाही, हे फिल्टरवर ठरतं आणि ते काचवाल्याला माप देतानाच सांगावं लागतं. टँक जोडून, घरात आणून, पाणी भरल्यावर विचार बदलला तर सगळं रिकामं करून मागच्या काचेवर ड्रिल चालवायची वेळ येते. तेव्हा काच तडकली, तर टँकच गेला.

हिशेबाला एक माप धरू: ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच. कोल्हापुरातल्या हॉलमध्ये भिंतीलगत बसणारा, काठोकाठ भरला तर ३४० लिटरचा टँक. काच १२ मिलिमीटर आणि वर चारही बाजूंनी काचेची पट्टी. नुसत्या काचेचंच वजन ७५ किलोच्या पुढे जातं. पाणी, वाळू, दगड, स्टँड धरून एकूण अर्ध्या टनाच्या आसपास.

पर्याय दोन. कॅनिस्टर म्हणजे कपाटात ठेवायचा बंद डबा. दोन पाईप टँकच्या काठावरून आत सोडायचे, एकातून पाणी खाली येतं, दुसऱ्यातून गाळून वर जातं. काचेला हात लावायचा नाही. संप म्हणजे टँकखाली बसवलेली दुसरी उघडी काचेची टाकी. वरचं पाणी ठरलेल्या पातळीवरून सांडव्यासारखं सांडून खाली येतं, कप्प्याकप्प्यातून गाळलं जातं आणि पंप ते वर फेकतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पातळी गाठली की आपोआप उघडतात, इथेही खाली येणारं पाणी पातळीच ठरवते.

बिघडलं तर फरशीवर किती पाणी?

आमच्या मते निर्णय इथे होतो. किंमत आणि आवाज त्यानंतर.

या टँकमध्ये १ इंच पाणी म्हणजे १३ ते १४ लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

कॅनिस्टरची ओढणारी नळी साधारण तळापासून ४ इंचांवर असते आणि पाणी २२ इंच भरलेलं असतं. कॅनिस्टरच्या झाकणाची रबरी रिंग गळाली किंवा नळी निसटली, तर सायफन सुरूच राहतो. त्याला वीज लागत नाही. ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी उघडी पडेपर्यंत, म्हणजे १८ इंच पाणी खाली येतं. अडीचशे लिटरच्या आसपास, तेही रात्री सगळे झोपलेले असताना. असं रोज घडत नाही, चांगला कॅनिस्टर वर्षानुवर्षं चालतो. पण घडलं तर थांबवणारं मध्ये काही नाही. ओढणारी जाळी मुद्दाम उंच, टँकच्या मध्यावर ठेवली तर नुकसान बरंच कमी होतं. हा बदल फुकटातला आहे, तरी फार थोडे जण करतात.

संपमध्ये गळतीची मर्यादा मापातच ठरवता येते. संप ३० इंच लांब, १४ इंच रुंद, १५ इंच उंच घ्या. आतले पडदे, म्हणजे कप्पे पाडणाऱ्या काचा, ९ इंचांपर्यंत ठेवा. वरची ६ इंच जागा रिकामी राहते, ती ४१ लिटरची. वीज गेली की पंप थांबतो, वरचं पाणी सांडव्याच्या कडेपर्यंत खाली येतं आणि वर जाणाऱ्या पाईपमधूनही उलटं वाहतं, त्या पाईपचं तोंड उघडं पडेपर्यंत. तोंड पाण्याखाली १ इंच असेल तर सगळं मिळून २० ते २५ लिटर खाली येतं. संप ते सहज घेतो. पण दिसायला छान म्हणून तेच तोंड ४ इंच खोल बसवलं, तर ६० लिटरहून जास्त खाली येतं आणि कपाट भिजतं. संपवाल्या टँकमध्ये सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच.

त्यावर उपाय म्हणून वर जाणाऱ्या पाईपला पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या इंचावर ४ मिलिमीटरचं भोक पाडतात. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. या भोकात शेवाळ साचतं, दर महिन्याला दातकोरणीने साफ करा. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवून निर्धास्त होऊ नका, वाळूचा एक कण किंवा छोटी गोगलगाय अडकली की त्याची झडप पूर्ण बसत नाही.

उलटं संकट म्हणजे सांडव्याचा पाईप तुंबणं. तेव्हा पंप आपल्या कप्प्यातलं सगळं पाणी वर चढवतो. पंपाचा कप्पा १० बाय १४ इंचाचा आणि पाणी ७ इंच असेल, तर ते १६ लिटर भरतं. वरच्या टँकमध्ये त्याने सव्वा इंच पाणी वाढतं. चालू पातळी काठापासून दीड इंच खाली ठेवली असेल तर थेंबही बाहेर पडत नाही. म्हणून पंपाचा कप्पा ‘मोठा बरा’ असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. छोट्या कप्प्याचा तोटा एकच: उन्हाळ्यात वाफ होऊन जाणारं पाणी याच कप्प्यात कमी होताना दिसतं. एप्रिल-मेमध्ये रोज दोन-अडीच लिटर टाकावं लागतं, नाहीतर पंप हवा ओढायला लागतो.

भोकं, निपल, पाईप

संप ठरला तर काम काचेपासूनच. टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती चुऱ्यासारखी फुटते. म्हणून निदान मागची काच साधी हवी. भोक आणि काचेची कड यांत भोकाच्या व्यासाइतकं तरी अंतर ठेवा. भोकाचं माप पाईपवरून सांगू नका. एक इंची टँक निपल (भोकात बसवून पाईप जोडायचा आट्यांचा तुकडा) आधी विकत घ्या, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा, १ ते २ मिलिमीटर जास्त धरा आणि निपल काचवाल्याच्या हातात द्या. एक इंची म्हणवणाऱ्या निपलांचं बाहेरचं माप कंपनीगणिक बदलतं.

भोकं तळाला पाडू नका, मागच्या काचेला वरच्या बाजूला पाडा. तळाचं निपल गळालं तर त्यावर दोन फूट पाण्याचा दाब असतो, वरचं गळालं तर दोन-तीन इंचांचा. रबरी वायसर निपलच्या कॉलरकडून, म्हणजे पाण्याच्या बाजूने. नट बाहेरून, हाताने घट्ट आणि वर पाव फेरा. पान्याने आवळलं की काच जाते. वायसरला सिलिकॉन फासू नये, त्यावर रबर सरकतं आणि गळती उलट वाढते.

खाली येणारे पाईप दोन ठेवा, दोन्ही एक इंची. मुख्य पाईपवर व्हॉल्व्ह. दुसरा इमर्जन्सी पाईप, त्याचं तोंड थोडं वर आणि त्यावर व्हॉल्व्ह कधीही नाही. व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत मुख्य पाईप पूर्ण पाण्याने भरून वाहू द्या. हवा मिसळली नाही की गुळगुळ आवाज बंद होतो आणि इमर्जन्सीतून फक्त बारीक धार येत राहते. रात्री हॉलमध्ये कुणी झोपत असेल तर या एका जुळवणीवर सगळं अवलंबून आहे. मुख्य पाईपचं खालचं टोक संपच्या पाण्यात इंचभरच बुडवा, जास्त बुडालं तर वीज परत आल्यावर पाईपातली हवा बाहेर पडायला वेळ लागतो आणि तोवर खडखडाट होतो.

व्हॉल्व्ह प्लास्टिकचा घ्या. बारीक जुळवणीला गेट व्हॉल्व्ह उत्तम, पण नळाच्या दुकानात सहज मिळतो तो पितळी. पितळेत तांबं असतं आणि तांबं कोळंबी-गोगलगायींना घातक. प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह मिळाला नाही तर चांगला बॉल व्हॉल्व्ह चालतो, फक्त मूठ केसभर फिरवायचा धीर लागतो. प्रत्येक पाईपवर एक युनियन, म्हणजे फिरवून सोडता येणारा जोड, घाला. सोल्युशनने चिकटवलेला पाईप संपच्या सफाईसाठी कापावा लागू नये. सोल्युशन लावल्यावर एक दिवस तसंच राहू द्या आणि पहिलं पाणी फिरवून फेकून द्या.

पंप घेताना डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. इथे पाणी साधारण साडेचार-पाच फूट वर न्यायचं आहे. तासाला १७०० ते २००० लिटर प्रत्यक्ष हवं असेल तर ३५०० लिटरच्या आसपासचा, किमान अडीच मीटर उंची देणारा पंप बघा.

कॅनिस्टर जिथे सरस ठरतो

हिरवीगार रोपं लावून कार्बन डायऑक्साइड सोडणार असाल तर कॅनिस्टरच घ्या. संपमध्ये पाणी सांडताना, पडद्यावरून कोसळताना तो वायू हवेत उडून जातो आणि सिलिंडर लवकर रिकामा होतो. बंद डब्यात तो टिकतो. शिवाय आवाज नाही, वाफ कमी, आणि टँक ३ फुटांपर्यंतचा असेल तर संपचा खटाटोप करण्याइतकं पाणीच नसतं.

उणीव जागेची. कॅनिस्टरमध्ये गाळणीचं सामान सहा-आठ लिटर मावतं, वरच्या मापाच्या संपमध्ये वीस लिटरहून जास्त. ऑस्कर, मोठे गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न असे भरपूर खाणारे आणि तितकीच घाण करणारे मासे असतील तर हा फरक रोज जाणवतो. संपचा वरचा कापूस आठवड्याला पाच मिनिटांत बदलता येतो. कॅनिस्टर महिन्या-दीड महिन्याने नळ्या सोडवून, न्हाणीत नेऊन उघडावा लागतो. म्हणून तो पुढे ढकलला जातो, आणि आत साचलेली घाण पाण्यातच विरघळत राहते. सफाईच्या वेळी झाकणाची रिंग पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं. गाळणीचं सामान नळाखाली धुऊ नका, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात हलकं खळबळा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन कामाचे जीवाणू मारतो.

वीज, थंडी आणि पूर

वीज दोन-तीन तासांहून जास्त गेली तर कॅनिस्टरच्या बंद डब्यात प्राणवायू संपतो आणि जीवाणू मरायला लागतात. वीज आल्यावर तसाच सुरू केला तर ते कुजकं पाणी थेट माशांवर जातं. आधी उघडून खळबळा, मग लावा. संप वरून उघडा असल्याने त्याचं नुकसान सावकाश होतं, आणि त्यात बॅटरीच्या हवापंपाचा दगड टाकता येतो. इन्व्हर्टर असेल तर दोन्ही चालतात. ४० वॅटचा पंप १५० अँपियर-तासांच्या चांगल्या बॅटरीवर एकटा असेल तर दिवसभर निघतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, साध्यावर पंप घोंगावतो आणि तापतो.

कोल्हापूरच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा चौदा-पंधरापर्यंत उतरतो, म्हणजे दोन्हीकडे २०० ते ३०० वॅटचा हीटर लागणारच. संपमध्ये तो नजरेआड राहतो आणि मोठा मासा धडकून फुटत नाही. फक्त पंपाच्या कप्प्यात ठेवू नका, पाणी कमी झालं की उघडा पडून तडकतो.

पुराचा विचार इथे टाळता येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराचे नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. पाणी बदलता येत नाही तेव्हा संपमधलं जादा साठ लिटर पाणी आणि जास्तीची गाळणी माशांना तगवते. पण नागाळा पार्क किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या भागात तळमजल्यावर राहत असाल तर पारडं कॅनिस्टरकडे झुकतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की कॅनिस्टर दहा मिनिटांत सोडवून वरच्या मजल्यावर नेता येतो आणि पिंपात ठेवलेल्या माशांवर चालवता येतो. संप हलत नाही. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता हे करावं. संपच असेल तर तो पाण्याने भरलेला राहू द्या, रिकामी टाकी पुरात तरंगून वरचे पाईप उखडते.

स्टँड आणि पहिलं पाणी

उद्यमनगरात स्टँड करून घेताना ४० बाय ४० मिलिमीटरचा चौकोनी पाईप सांगा आणि संपचं माप वेल्डिंगवाल्याला लिहून द्या. मधला पाय पुढच्या बाजूला आला की ३० इंची संप आत जात नाही, हे स्टँड रंगवून घरी आल्यावर कळतं. संपच्या वर दहा-बारा इंच मोकळे हवेत, पंप आणि कापूस काढायला. कॅनिस्टरला इतकी जागा लागत नाही, पण त्याची उंची आणि नळ्यांचं वळण मोजा.

वरच्या मजल्यावर टँक बीमच्या रेषेत, भिंतीला टेकून ठेवा. पेठांमधल्या जुन्या घरांत लाकडी तक्तपोशीवर हे वजन नकोच. पाणसळ लावून स्टँड समपातळीत आणा आणि टँकखाली थर्माकोल घाला. सॉकेटकडे जाणारी प्रत्येक वायर आधी खाली झोका घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी बोर्डात शिरत नाही. बोर्ड कपाटात वरच्या कोपऱ्यात लावा.

सिलिकॉन आठवडाभर वाळल्यावर टँक ओट्यावर किंवा अंगणात भरून दोन दिवस ठेवा. संप असेल तर पंप चालू करून वीज मुद्दाम पाच-सहा वेळा बंद-चालू करा आणि बंद असताना पाणी संपमध्ये कुठवर चढतं तिथे मार्करने रेघ मारा. पुढे रोजचं पाणी टाकताना चालू पातळीचीही रेघ हवी. त्या रेघेच्या वर पाणी टाकलं की वीज गेल्यावर संप भरून वाहू शकतो, मग पाईप कितीही नीट बसवलेले असोत.

निर्णय तरीही होत नसेल तर काच कापतानाच भोकं पाडून घ्या, निपल बसवा, बाहेरून आटे असलेलं बूच लावा आणि वर्षभर कॅनिस्टर चालवा. मासे वाढले, मन बदललं, तर बूच काढून पाईप जोडायचे. पाणी तेव्हा फक्त भोकांच्या खालपर्यंत उतरवावं लागेल.