टायटॅनियम की झिर्कोनिया? आधी हाडाला विचारा, मग दाताला

दाताच्या जागी इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात मुळासारखा रोवलेला स्क्रू आणि त्यावर कॅप, बसवायचं ठरलं की बोलणं लगेच रंगावर आणि खर्चावर जातं. तो स्क्रू टायटॅनियम या धातूचा असतो किंवा झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकचा. माझं म्हणणं, तो स्क्रू ज्या हाडात राहणार आणि ज्या दाताचं काम करणार, त्या दोघांची घडण आधी बघा.

कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवलं की खनिज विरघळतं आणि उरलेलं कोलॅजन, म्हणजे प्रथिनाचे तंतू, रबरासारखं वाकतं. तेच हाड भट्टीत जाळलं तर कोलॅजन जातं आणि खनिज बोटांत चुरतं. हाडाची ताकद या दोघांच्या जोडीत आहे. शिवाय ते जिवंत आहे: भार पडेल तिथे भरतं, भार हटला की झिजतं. यूलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये हा नियम मांडला. जबड्याच्या घट्ट हाडाचा ताठपणा ढोबळमानाने 10 ते 20 गिगापास्कल, टायटॅनियमचा 100 च्या वर, झिर्कोनियाचा 200 च्या आसपास. दोन्ही हाडापेक्षा बरेच ताठ, पण टायटॅनियम त्यातल्या त्यात जवळचं. आणि त्याचा अनुभव मोठा आहे. हाड टायटॅनियमला घट्ट धरतं हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना सशांवरच्या प्रयोगांत दिसलं, आणि 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवलं.

आता दात. आरशासमोर टॉर्चचा उजेड पुढच्या दातांवर तिरका पाडा. अनेकांना बारीक उभ्या रेघा दिसतील. त्या इनॅमलमधल्या, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कवचातल्या भेगा. वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असलेलं हे कवच तडकतं, पण भेग सहसा डेंटिन या आतल्या थराच्या सीमेशी अडते, म्हणून दात वर्षानुवर्षं टिकतो. मला झिर्कोनिया आवडतं ते इथेच: भेगेच्या टोकाशी त्याचे स्फटिक रूप बदलून फुगतात आणि भेग दाबून धरतात. रंगही पांढरा, त्यामुळे पातळ हिरडीतून टायटॅनियमसारखी करडी छटा दिसत नाही. मात्र ओलाव्यात त्याचा पृष्ठभाग हळूहळू जुना होतो, आणि एकसंध झिर्कोनिया इम्प्लांटचा कोन नंतर बदलता येत नाही.

म्हणून मी मुळाला टायटॅनियम आणि वरच्या कॅपला झिर्कोनिया निवडेन. हिरडी फारच पातळ असेल किंवा धातू नकोच असेल, तर पूर्ण झिर्कोनियाचा विचार करावा. झोपेत दात करकरा खाण्याची सवय असेल, तर मात्र मुळाला झिर्कोनिया नको.

एक उणीव दोन्हींत सारखीच. खऱ्या दाताभोवती सुमारे 0.2 मिलिमीटरचा तंतूंचा पट्टा असतो, तो चावताना दाताला किंचित दबू देतो. इम्प्लांटला तो नाही. कॅप बसल्यावर डॉक्टर चावायला रंगीत कागद देतात तेव्हा घाई करू नका. ठिपका एकाच जागी गडद उमटला, तर तेवढी जागा घासून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.