‘गिअरबॉक्स काढून टाका’ म्हणत विकलेली मोटर

रॉक क्रॉलरसाठी (खडकांवर संथ चढणारी रिमोटची छोटी गाडी) ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ किट घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. विक्रेत्याचं नाव देत नाही. तोच माल वेगवेगळ्या नावांनी फिरतोय, त्यामुळे त्याची रीत ओळखता येणं जास्त कामाचं.

जाहिरात अशी होती: ब्रशलेस आउटरनर मोटर, ४०० केव्ही (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ४०० फेरे), सेन्सरसह. गिअरबॉक्स काढायचा, मोटर सोबतच्या ब्रॅकेटवर चासीच्या मध्यात बसवायची आणि तिच्या शाफ्टवरून दोन्ही ॲक्सलना थेट ड्राइव्हशाफ्ट जोडायचे. रिडक्शन (गिअरने वेग कमी करून जोर वाढवणं) उरतं ते फक्त ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियन या गिअरच्या जोडीचं. वजन कमी, आवाज नाही, गिअरचे दात तुटायची कटकट नाही. व्हिडिओत गाडी अगदी संथपणे खडक चढत होती, मागे जोरात संगीत. ते संगीत लपलेल्या गिअरचा आवाज झाकायला होतं, असं माझं आता ठाम मत आहे.

कल्पना मुळातच खोटी असती तर ती कुणी घेतली नसती. आउटरनरमध्ये चुंबकं बाहेरच्या फिरत्या कवचात असतात, म्हणजे ओढ जास्त त्रिज्येवर लागते आणि त्याच मापाच्या, चुंबकं आत फिरणाऱ्या इनरनरपेक्षा टॉर्क (फिरवण्याचा जोर) जास्त मिळतो. मोठी, कमी केव्हीची आउटरनर लावून थोड्याच रिडक्शनवर क्रॉलर चालवणारे लोक आहेत. फसवणूक आकड्यात होती.

हिशोब करून बघा. १:१० मापाची ३ किलोची गाडी, १२० मिमी व्यासाचं चाक, ४५ अंशांचा चढ. घर्षण सोडून दिलं तरी चाकांवर मिळून सुमारे १.२५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. ॲक्सलमध्ये ८ दातांचा पिनियन आणि ३० दातांचा क्राउन, म्हणजे ३.७५ पट. मोटरच्या वाट्याला ०.३३ न्यूटन-मीटर येतो. दर अँपिअरला मोटर किती टॉर्क देते हे ९.५५ भागिले केव्ही एवढ्या गणितात कळतं. ४०० केव्ही खरे असते तर १४ अँपिअरवर भागलं असतं.

गाडी सपाट जमिनीवरच अडखळत सुटली. थ्रॉटल हळू दिला की चाक थरथरायचं, मग एकदम उसळी. चढावर अर्ध्यात थांबली आणि मोटरच्या तारेवरचं वार्निश जळल्याचा वास आला. विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं: तुमचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जुळत नाही, त्याच्या सेटिंगमध्ये टायमिंग बदला, पंच वाढवा.

त्याच खरेदीतली दुसरी मोटर खोक्यातच पडून होती. तिचा शाफ्ट ड्रिलमध्ये धरून १५०० आरपीएमवर फिरवला आणि तीनपैकी कुठल्याही दोन वायरींवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावला. आरपीएमला, आलेल्या व्होल्टच्या १.४१ पटीने भागलं की केव्ही मिळतो. ४०० केव्हीच्या मोटरने २.६ व्होल्टच्या वर दाखवायला हवं होतं. इथे जेमतेम १ व्होल्ट. म्हणजे १०५०-११०० केव्ही. वरचा स्टिकर नखाने उचलला तर खाली दुसराच आकडा छापलेला.

त्या केव्हीवर तोच चढ चढायला ३७ अँपिअर लागतात. मोटर जवळपास थांबलेली असते, तेव्हा त्यातली बहुतेक वीज तांब्यात उष्णता होऊन जाते, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. हीच मोटर नेहमीच्या ४०:१ रिडक्शनवर असती तर साडेतीन अँपिअरवर काम झालं असतं आणि उष्णता शंभराहून जास्त पटीने कमी. बिजागरीजवळ हात लावून दार ढकलायला लावायचं आणि वर दार जड आहे म्हणायचं, असा हा प्रकार.

बरं, स्टिकर खरा असता तरी? विक्रेता ‘कमी केव्ही म्हणजे जास्त टॉर्क’ एवढंच घोकत होता. त्याच सांगाड्यावर वेढे दुप्पट केले की केव्ही निम्मा होतो आणि दर अँपिअर टॉर्क दुप्पट. पण तेवढ्याच जागेत वायर बारीक होते, तिचा रेझिस्टन्स चौपट होतो, आणि तेवढ्याच टॉर्कला उष्णता होती तेवढीच राहते. थेट ड्राइव्ह पेलायला मोटरच आकाराने मोठी लागते. ही मुठीत मावत होती.

सेन्सरची गोष्ट याहून निर्लज्ज. ब्रशलेस मोटर थांबलेली असताना बॅक-ईएमएफ (फिरताना मोटर स्वतः तयार करते तो व्होल्टेज) शून्य असतो, त्यामुळे बिनसेन्सरच्या ईएससीला चुंबक कुठे आहे ते कळत नाही आणि तो अंदाजाने ढकलतो. क्रॉलर तर सगळा वेळ थांबण्याच्या आसपासच चालतो, म्हणून चुंबकाची जागा ओळखणारे हॉल सेन्सर हवेत. या मोटरला सहा वायरींचा सॉकेट होता. त्यात ५ व्होल्ट आणि ग्राउंड देऊन, प्रत्येक सिग्नल वायर एका रेझिस्टरमधून ५ व्होल्टला जोडून कवच हाताने हळूहळू फिरवलं. तिन्ही सिग्नल वायरींवर व्होल्टेज खालीवर व्हायला हवं होतं. काहीच हललं नाही. उघडून पाहिलं तर सहाही वायरी हीटश्रिंकखाली कापून डिंकाने चिकटवलेल्या. सेन्सरचा बोर्डच नाही.

उतारावर गाडी धरून ठेवणं हाही दावा होता. साध्या ईएससीचा ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडल्यावर लागणारा ब्रेक) फेज शॉर्ट करतो, म्हणजे मोटरच्या तिन्ही वायरी एकमेकींना जोडतो. मोटर फिरली तरच त्यातून करंट वाहतो, म्हणजे गाडी घसरल्याशिवाय ब्रेक लागतच नाही. ४०:१ मध्ये चाक जरा हललं की मोटरला चाळीसपट फिरावं लागतं, वर गिअरचं घर्षण, त्यामुळे घसरण दिसत नाही. ३.७५ वर चांगली दिसते.

हे सगळं फोटोंसह पाठवलं. उत्तर आलं: ‘तुम्ही मोटर तापवून चुंबकं मारलीत, म्हणून केव्ही वाढला.’ अर्धसत्य फार चतुराईने वापरलं होतं. साध्या ग्रेडची निओडिमियम चुंबकं ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कमजोर होऊ लागतात आणि त्याने केव्ही वाढतो, हे खरंच. पण मोजलेली मोटर बॅटरीला कधी लागलीच नव्हती. हे दाखवल्यावर ‘उघडलेल्या मालाला वॉरंटी नाही’, आणि पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन.

जाहिरातीत शंका घ्यावी अशी आणखी एक जागा होती: नुसता टॉर्कचा आकडा, सोबत किती अँपिअरवर आणि किती वेळ याचा पत्ता नाही. काही सेकंदांचा स्टॉल टॉर्क (मोटर अडकून थांबलेली असतानाचा) असाच छापतात. सतत चालणारा करंट आणि वाइंडिंगचा (तारेच्या वेढ्यांचा) रेझिस्टन्स मागा. मी मागितला तेव्हा परत तोच व्हिडिओ आला होता. आणि मोटर हातात आली की चासीवर बसवण्याआधी, सील न तोडता, ड्रिलवर लावा.

किट अजून विक्रीला आहे. कवचाचा रंग बदललाय आणि स्टिकरवर आता ३५० केव्ही लिहिलंय.