उंचीच्या पावडरीत 35,200 रुपये गेले, वर मुलाची तपासणीही अडली

सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास कुणी "मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी जागी करून उंची वाढवून देतो" म्हणालं, तर त्या जिन्याची पायरीही चढू नका. आमचे 35,200 रुपये गेले. पैसे एक वेळ सोडून देईन, पण पोराच्या अंगाशी खेळ केला तो सोडणार नाही.

मुलगा बारा वर्षांचा. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिला. या वयाची मुलं वर्षाला साधारण 5-6 सेंमी वाढतात. याची पँट दोन वर्षं तीच. जाऊबाईंच्या ओळखीतून पत्ता मिळाला. पांढरा कोट, भिंतीवर मेंदूचं चित्र, वाटाण्याएवढ्या ग्रंथीवर लाल बाण. तो सांगत होता त्यातलं निम्मं खरंच होतं. ग्रोथ हार्मोन पिट्युटरीतूनच येतं आणि ते कमी पडलं की वाढ खुंटते. मग विश्वास का बसू नये? मी बी.कॉम. झालेय, अडाणी नाही.

नोंदणीचे 500. "ग्रंथीची तपासणी" 4,200, तीही रक्त न घेता, हातात एक दांडी धरायला देऊन. दुधातून द्यायची तीन महिन्यांची पावडर 18,500. बिल मागितलं तर म्हणाला, "ताई, बिलावर जीएसटी लागेल, कशाला उगाच?" डब्यावर ना बॅच नंबर, ना बनवणाऱ्याचं नाव. अशी वस्तू लेकराच्या तोंडात घालू नका.

तीन महिन्यांनी उंची मोजली. पहिल्यांदा लोखंडी स्टँडवर 132 भरली होती, आता भिंतीवरच्या टेपवर 135. पोरगा हरखला. मी चप्पल घालायला वाकले आणि टेपचं खालचं टोक दिसलं. फरशीला टेकलेला आकडा 0 नव्हता, 3 होता. मी पाहिलं, अगदी स्पष्ट पाहिलं! तरी पोराच्या तोंडावरचा आनंद बघून जीभ उचलली नाही, आणि तिथंच पुढचे 12,000 फोनवरून पाठवले. तो 3 चा आकडा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. कुठल्या आईने त्या क्षणी पोराला खाली ओढलं असतं, सांगा.

मग त्याचे गाल गोल झाले, भूक वाढली. नातेवाईक म्हणाले, पोरानं अंग धरलं. शेवटी हार्मोनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चेहरा बघताच पावडरीबद्दल विचारलं. रक्तातलं सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, फार कमी आलं. पावडरीत स्टिरॉइड असणार, असं ते म्हणाले. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की पिट्युटरी ते बनवणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथीला हुकूम देणं थांबवते, आणि मुलांची उंची तर उलट खुंटते. आता ते शरीरातून उतरेपर्यंत ग्रोथ हार्मोनची खरी तपासणीही भरवशाची होत नाही. खरं ग्रोथ हार्मोन प्रथिन असतं, पोटात पचून जातं, म्हणून ते कातडीखाली इंजेक्शननेच देतात आणि औषध फ्रीजमध्ये ठेवतात. दुधातून मिळतं म्हणणारा खोटारडाच.

चौकीत गेलो तर म्हणाले, "तुम्ही राजीखुशीने पैसे दिले ना?" औषधांच्या कार्यालयात म्हणाले, बिल आणा. बिल असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? डबा समोर ठेवला, तपासायला पाठवा म्हटलं, तर टेबलावरचा माणूस म्हणतो साहेब दौऱ्यावर आहेत. पुढच्या वेळी दुसराच माणूस, पुन्हा पहिल्यापासून सांगा. उंची वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, हे मी त्यांना सांगायचं? कायद्याच्या यादीत उंची स्पष्ट लिहिलेली आहे. फसला असाल तर डब्याचे, जाहिरातीचे तिथल्या तिथे फोटो काढून ठेवा, पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. डबा फेकू नका. आमचा कपाटात कुलपात आहे.

मूल वाढत नसेल तर डाव्या मनगटाचा एक्स-रे आणि रक्ततपासणी आधी, आणि डॉक्टर हार्मोनचाच.

आणि ज्यांच्या घरात ही पावडर आत्ता चालू आहे त्यांनी रागाने ती एकदम बंद करू नका. स्टिरॉइड अचानक तुटलं तर मुलाला ग्लानी येते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, जिवावर बेतू शकतं. डबा घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. आमच्या मुलाला गोळ्या देऊन हळूहळू डोस उतरवत आहेत.