वाचनालयातल्या वहीचं ऐकून वाचलेली पुस्तकं: काही महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आमच्या वाचनालयात काउंटरवर दोरीने बांधलेली एक अभिप्रायाची वही असते, पुस्तक परत करताना वाटलं तर दोन ओळी खरडायच्या. पावसाळ्यात ठरवलं की पेपरातली परीक्षणं, यूट्यूबवरच्या 'टॉप टेन' याद्या सगळं बंद, वही सांगेल तेच घरी न्यायचं. आता बऱ्यापैकी वाचून झालंय म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी वहीबद्दल. निम्म्याहून जास्त नोंदी 'अप्रतिम', 'निःशब्द', 'प्रत्येकाने वाचावं' अशाच असतात, त्यातून काहीच कळत नाही. कामाची नोंद ती, ज्यात माणूस कुठे अडकला, कुठे कंटाळला ते सांगतो आणि तरीही वाचा म्हणतो. असल्या नोंदीवरून आणलेलं एकही पुस्तक अजून वाया गेलेलं नाही.

सगळ्यात मोठी कमाई म्हणजे विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. खाली कुणीतरी लिहिलेलं, 'जुनी भाषा आहे, झाशी येईपर्यंत दम धरा.' धरला. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक, घरची परिस्थिती बेताची, मथुरेला बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आणि दक्षिणा चांगली मिळणार असं कळलं म्हणून काकांबरोबर निघतो, आणि निघतो कधी तर नेमका 1857 च्या धामधुमीत! पुढे झाशीला वेढा पडतो तेव्हा हे आत. इंग्रज शहरात घुसल्यावरची कत्तल, लूट, आगी, सगळं त्या माणसाने स्वतः पाहिलेलं. पण मला जास्त आवडलं ते हे की एवढ्या रामरगाड्यात त्याचं दक्षिणा, जेवण, स्नान, तीर्थं सगळं चालूच, कमावलेलं लुटलं जातं तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावरून घरी आणतो. लिहिलं 1883 च्या सुमाराला, छापलं चिं. वि. वैद्यांनी 1907 मध्ये, तोवर भटजी गेलेले. इतिहास म्हणजे सनावळ्या असं ज्याला वाटतं त्याच्या हातात हे द्यावं.

दुसरं 'रणांगण', विश्राम बेडेकर, 1939. पुस्तक एवढंसं की बसल्या बैठकीत संपतं. नोंद होती 'प्रेमकथा समजून नेऊ नका' आणि तिच्याखाली दुसऱ्या अक्षरात 'प्रेमकथाच आहे'. दोघंही बरोबर. युरोपातून निघालेलं जहाज, त्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन सुटलेले ज्यू आणि मायदेशी परतणारा चक्रधर, बोट मुंबईला लागेपर्यंत त्याचं आणि हेर्टाचं जे काय होतं ते. शेवट सांगत नाही. महायुद्ध पेटण्याच्या उंबरठ्यावर मराठीत कुणी असं लिहीत होतं हे मला शाळेत का नाही सांगितलं कुणी?

'बनगरवाडी' तर काय, माडगूळकर. औंध संस्थानातला पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर जातो, हळूहळू त्यांचाच होतो, सगळे मिळून तालीम बांधतात, आणि मग दुष्काळ. एक वाक्य जास्तीचं नाही. यावर वहीत फक्त 'परत वाचलं' एवढंच होतं, तेवढं पुरे.

'रारंग ढांग' (प्रभाकर पेंढारकर, म्हणजे सिनेमावाल्या भालजी पेंढारकरांचे चिरंजीव) इंजिनिअर मंडळींनी वहीत अक्षरशः डोक्यावर घेतलंय. मुंबईचा विश्वनाथ हिमालयात बॉर्डर रोडच्या कामावर जातो, एका उभ्या कड्यातून रस्ता काढायचाय, आणि लष्करी शिस्त विरुद्ध स्वतःचं मन असा पेच. वाचताना पायाखालची दरी जाणवते. शेवटाकडे मला थोडं भाषण वाटलं, पण पोरांना द्यायला एक नंबर.

'मृत्युंजय'वर सगळ्यात जास्त नोंदी आणि सगळ्यात जास्त भांडणं. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण असे सगळे आपापल्या तोंडून सांगतात ही कल्पना भारीच, पण भाषेला इतका साज की तिशीनंतर मला झेपेना, पंधराव्या वर्षी वाचलं असतं तर मीही रडलो असतो. त्याच पानावर एका काकूंनी (अक्षरावरून अंदाज हो, काकाही असतील) लाल पेनाने ठणकावलंय, 'लगेच युगान्त वाचा'. वाचलं. इरावती कर्वे कुणाला देव करत नाहीत, कर्णालासुद्धा नाही. दोन्ही पाठोपाठ वाचण्यात खरी मजा, आणि याच क्रमाने.

'स्मृतिचित्रे' बद्दल थोडक्यात: नवरा 1895 मध्ये ख्रिस्ती झाल्यावर जे हाल झाले ते लक्ष्मीबाई टिळक अशा सांगतात की आपण हसत असतो आणि मध्येच घशाशी येतं. चहा गार झाला माझा.

तक्रार एकच, बांधणी. नवीन पुठ्ठा घालताना पानं इतकी आत शिवलीत की कडेची अक्षरं दिसत नाहीत आणि पुस्तक एका हाताने उघडं राहत नाही, जेवताना वाचणाऱ्यांनी विचार करून न्यावं. बाकी ज्यांना पुढे वाचत राहायचंय त्यांनी 'माझा प्रवास' विकतच घ्या.

सध्या 'पाडस'साठी नंबर लावलाय, राम पटवर्धनांचा अनुवाद. नोंद आहे, 'शेवटची वीस पानं घरात कुणी नसताना वाचा.' पण ज्याच्याकडे आहे तो परतच करत नाहीये.